आधी पाणी, मग बटण

३ मार्च
माहितीपुस्तिका विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. बारा वर्षं माझं लिखाण 'जरा बघतो' म्हणून घ्यायचे आणि निम्मं कापायचे. निव्वळ मत्सर. आता त्यांच्या जागेसाठी उमेदवार दोनच. एक मी, साहित्यात एम.ए.; दुसरी सहा महिन्यांपूर्वी आलेली ती. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर बाळगते. म्हणजे इंजिनिअर. लिहायला लेखक लागतो, मेकॅनिक नाही. निकाल उघड आहे.
दमलो. झोपतो.

५ मार्च
दोघांनीही चहाच्या नव्या बॉयलरची पुस्तिका लिहायची. मग इथल्या रिवाजाप्रमाणे कॅन्टीनच्या मावशी ती वाचून यंत्र चालवणार. त्यांना जमलं तर पुस्तिका पास.
साहित्याची पारख कॅन्टीनकडे! असो.

९ मार्च
ती दिवसभर वर्कशॉपमध्ये बॉयलर उघडून बसलेली. हात काळेकुट्ट. मी बॉयलरला हातही लावलेला नाही. कल्पनाशक्ती कशासाठी असते?
पहिला परिच्छेद जमलाय. पाठ दुखतेय.

१४ मार्च, संध्याकाळ
पुस्तिका पूर्ण. महत्त्वाची सूचना मुद्दाम शेवटच्या पानावर. उत्कंठा टिकते. घरी हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, पाणी भरायचं ते इतक्या उशिरा का सांगता? म्हटलं, तुला नाही कळायचं. ही कपडे वाळत घालायला निघून गेली.

१८ मार्च
परीक्षा. मावशींनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. पान दोन: बटण दाबावे. दाबलं. पान सहा: 'मात्र तत्पूर्वी टाकी भरलेली असावी.' तिथवर पोचेपर्यंत कॉइल जळून खाक. कॅन्टीनभर वास. मावशी रडवेल्या झाल्या, माझंच चुकलं म्हणाल्या. मला फार लाज वाटली. साहेबांना मात्र म्हटलं, लिखाण आधी अखेरपर्यंत वाचायचं असतं.
तिची पुस्तिका एक पान. पहिली ओळ: आधी पाणी भरा. दुसऱ्या बॉयलरवर दहा मिनिटांत सगळ्यांना चहा.
मी घेतला नाही.

१९ मार्च
नेमणूक तिची. साहेबांना म्हटलं, चालायचंच, आर्ट्सवाल्यांना विचारतो कोण! साहेबांनी गोंधळून तिचा अर्ज पुढे केला. साहित्यात एम.ए. कॉलेज माझंच. चार टक्के माझ्यापेक्षा जास्त. स्क्रूड्रायव्हर म्हणे इथे लागल्यावर घेतला.
मावशींची माफी मागायला गेलो. त्यांनीच चहा पुढे केला आणि विचारलं, तुम्ही कधी चालवलाय का हो बॉयलर?
नाही म्हणालो. माझं हे एक वाक्य त्यांना लगेच कळलं.