वाऱ्याची दुरुस्ती भांगाला सोडावी

मी, खाली सही करणारी, बंदर कचेरीतली निवृत्त भरती-मोजणीदार, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पाण्याकाठच्या पायऱ्यांच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न माझ्या दिरांनी काल संध्याकाळी करून पाहिला. तो फसला, त्याची हकीकत कलम पाचमध्ये येईल. माझं शरीर थकलं आहे, डोकं थकलेलं नाही. डॉक्टरीणबाई तसं खाली लिहून देणार आहेत. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

कलम १. हे घर माझ्या लेकीला द्यावं. अट एकच. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर मी छिन्नीने खुणा पाडल्या आहेत, पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून. त्या कोणी घासून काढू नयेत. जावईबापू गुळगुळीत फरशी बसवण्याच्या गोष्टी करतात. त्यांनी ती घरात बसवावी, हौस असल्यास छतालाही बसवावी, पायऱ्यांना हात लावू नये.

कलम २. बँकेत जे काही उरेल तेही लेकीचंच. त्यातून 'ओहोटी' हा पाण्याच्या वेळा सांगणारा प्रोग्राम ज्या संगणकावर चालतो, त्याचं भाडं तिने दरवर्षी भरत राहावं. तिने ते आपणहून कबूल केलं आहे, तरी लिहून ठेवलेलं बरं.

कलम ३. यजमानांची अवजारांची पेटी बोटी दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याला. 'जरा वेळ नेतो' म्हणून त्याने ती नेली त्याला आता युग लोटलं. यापुढे त्याला मला पाहून मान वळवायची गरज नाही. कचेरीतल्या जुन्या साहेबांना काही नाही. 'ओहोटी'ला ते चारचौघांत 'बाईंचा विरंगुळा' म्हणाले होते. पुढे त्यांच्याच कचेरीने तो विरंगुळा दर्शनी भिंतीवर मोठ्या पडद्यावर लावला, आणि साहेब रोज त्याखालून जात. माझा त्यांच्याशी हिशेब मिटला आहे.

कलम ४. 'ओहोटी' हा प्रोग्राम मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण तो माझा नाही. लिहायला सुरुवात मी केली, आपल्या एका धक्क्यापुरती. पाणी केव्हा चढेल, केव्हा उतरेल, किती, एवढंच तो सांगतो. त्याचा कोड मी सगळ्यांसाठी उघडा ठेवला: वाचा, वापरा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा. मला वाटलं होतं, कुत्रंही विचारणार नाही. मग कुठल्या तरी दूरच्या खाडीवरून दोन ओळी आल्या. 'तुमचं गणित माझ्याकडे चालतं. फक्त मुखाशी वाळूची दांडी आहे, तिथे थोडं चुकतं. दुरुस्ती सोबत.' खाली नावाच्या जागी लिहिलेलं, खेकडा.

तो निरोप वाचून मला खुर्चीत बसवेना. मी पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. समोरचं पाणी आणि त्या न पाहिलेल्या खाडीतलं पाणी एकाच चंद्राच्या ओढीने हलतं हे मी नोकरीभर कागदावर मांडत आले होते. पण तिथे कोणीतरी पाण्यात काठी रोवून उभं आहे आणि माझी बेरीज तपासतं आहे, हे कळल्यावर अंगावर काटा आला. तो अजून गेलेला नाही. पुढे मीठ पिकवणारे आले, ओहोटीला वाळूवर शिंपल्या वेचणाऱ्या बाया आल्या, फेरीबोटी चालवणारे आले. खेकडा बाई की बुवा, तरुण की माझ्याएवढा, मला आजही ठाऊक नाही. त्याच्याइतका माझ्या मनाजवळचा माणूस या गावात दुसरा नाही, हे लेकीने मनाला लावून घेऊ नये.

इतक्या अनोळखी हातांचं काम एकत्र नांदवायचं तर शिस्त लागते. मी ती अशी घातली. नवी दुरुस्ती आली की ती आधी ओसरीत बसते. ओसरी म्हणजे प्रोग्रामचा प्रायोगिक भाग. ज्याला हवी त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर चालू करावी. मग पडद्यावर घरातला, म्हणजे सगळ्यांसाठी चालू असलेला आकडा आणि ओसरीतला आकडा शेजारी शेजारी दिसतात. तिथे बसून तिने निदान एक उधाण पाहायचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं मोठं पाणी. मग दोन अशा माणसांनी साक्ष द्यायची, ज्यांनी ती लिहिलेली नाही. तेव्हा तिला घरात प्रवेश. आणि नवी आवृत्ती सर्वांसाठी सोडायची ती भांगालाच, अष्टमीच्या सुमाराला, पाणी सगळ्यात कमी हलतं तेव्हा. आपलं काही चुकलंच, तर पाणी संथ असताना चुकावं. लोक मला हट्टी म्हणतात. मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात आणि त्यांना त्यातून काही मिळणार नसावं लागतं. कायद्याला कोणी हट्टी म्हणत नाही.

कलम ५. वाऱ्याची दुरुस्ती. जोराचा वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि भरती हिशेबापेक्षा वर चढते. खेकड्याने त्याचं गणित पाठवलं, तेव्हापासून ते ओसरीत बसून होतं, कारण मोठं उधाण आणि मोठा वारा एका दिवशी येतच नव्हते. खेकड्याने एकदाही घाई केली नाही. दर उधाणानंतर त्याची एक ओळ यायची, 'वारा नव्हता. बसलो आहे.'

गेल्या पौर्णिमेला दोन्ही आले. भर दुपारी. घरातला आकडा म्हणत होता पाणी सातव्या पायरीला थांबेल, ओसरीतला म्हणत होता दहाव्या. मी खिडकीशी बसले होते. सातवी बुडाली. आठवी, नववी. दहाव्या खुणेवर पाणी आलं, तिथे जरा हललं आणि थांबलं. मला जिने कधी पाहिलं नाही अशा व्यक्तीने, माझा उंबरठा न पाहता, माझी पायरी सांगितली होती. मी हात जोडले, कोणाला ते विचारू नये. पलीकडच्या धक्क्यावरच्या फेरीबोटीच्या तांडेलबाईंनी वाऱ्याची दुरुस्ती चालू ठेवली होती. तिच्यावर भिस्त ठेवून त्यांनी सकाळीच सगळ्या होड्या वर ओढून घेतल्या. ज्या धक्क्यांवर ती नव्हती, तिथल्या होड्या फुटल्या.

तांडेलबाईंची साक्ष लगेच आली. दुसरी साक्ष, एका मिठागरवाल्याची, काल दुपारी आली. मधला भांग तेवढ्यात निघून गेला. आता अमावास्येचं उधाण चालू आहे, पुढच्या भांगाला जवळजवळ आठवडा आहे, आणि डॉक्टरीणबाई आठवड्याची हमी देत नाहीत.

म्हणून काल संध्याकाळी दीर माझ्या उशाशी येऊन बसले.

"वहिनी, आत्ता सोडू या. साक्षी झाल्या. तुमच्या डोळ्यांदेखत सुटू दे."

"भांगाला, भाऊजी."

"तुम्ही नसाल तेव्हा."

"पाणी तर असेल ना?"

"फुटलेल्या होड्यांचं काय? नियम करत बसलो म्हणून फुटल्या. आणखी एखादा वारा आला तर?"

"वारा आला तर ओसरी उघडी आहे. सगळ्या धक्क्यांना आजच कळवा, आपापल्या जबाबदारीवर चालू करा म्हणावं. पण न विचारता सगळ्यांच्या पडद्यावर, उधाणात, नवी बेरीज? तुमची स्वतःची दुरुस्ती आठवते?"

 भाऊजींनी खाडीच्या मुखासाठी एक दुरुस्ती लिहिली होती. दिसायला देखणी, रोजच्या पाण्यात चोख. उधाणात तिने ओहोटीची वेळ तासाभराने पुढे सांगितली. ती ओसरीत होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं. घरात असती तर वाळूवर शिंपल्या वेचणाऱ्या बाया परतत्या पाण्यात सापडल्या असत्या. त्यानंतर दीर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

मला ती सुटताना पाहायची आहे. फार पाहायची आहे. या कलमात हे लिहिणं गैर असेल तर असो. तरीही माझी आज्ञा अशी की वाऱ्याची दुरुस्ती येत्या भांगालाच सोडावी, मी असले तरी आणि नसले तरी. माझ्यासाठी नियम मोडला, तर पुढे ज्याच्या त्याच्या आजारपणात तो मोडेल.

कलम ६. किल्ली. नवी आवृत्ती खरी आहे हे जिच्यामुळे ओळखू येतं ती गुप्त किल्ली आजवर माझ्या एकटीकडे होती. तिचे मी तीन भाग केले आहेत. कुठलेही दोन एकत्र आल्याशिवाय आवृत्ती सुटणार नाही. एक भाग खेकड्याला. एक तांडेलबाईंना. तिसरा भाऊजींना. लेक म्हणाली, "आई, काकांना? ते तर प्रत्येक गोष्टीत वाद घालतात." म्हणूनच. माझी एकही आवृत्ती त्यांनी मुकाट्याने सुटू दिली नाही, आणि त्यांच्या कटकटीत मला तीनदा तरी खरी चूक सापडली आहे. त्यांचा राग मला उशिरा समजला. होड्या फुटल्या की त्यांना झोप लागत नाही.

कलम ७. माझ्यामागे भाषणं नकोत. प्रोग्रामला माझं नाव देऊ नये. खेकड्याला एक ओळ कळवावी: 'बसणं संपलं. आत या.' माझी मापाची काठी त्याच्या पत्त्यावर पाठवावी. पत्ता ठाऊक नाही, तो विचारून घ्यावा.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी त्यावर सही करत आहे.

सही: भरती-मोजणीदार, पायऱ्यांचं घर
ठिकाण: समोरची खोली, पाण्याकडची खिडकी उघडी
दिनांक: अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, भरतीची वेळ

साक्षीदार १, डॉक्टरीण: मोजणीदारबाईंना मी तपासलं आहे. त्या पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यादेखत सही केली. या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही.

साक्षीदार २, समोरच्या दुकानातला शिंपी: मीही हजर होतो, मलाही काही मिळत नाही. सही झाल्यावर बाईंनी विचारलं, पाणी कुठवर आलं. त्यांचे दीर खाली पायऱ्यांवर बसून होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "सातवी, वहिनी. वारा नाही, ओसरीतला आकडाही सातच सांगतोय." आणि थोड्या वेळाने, "भांगापर्यंत थांबतो मी." हे लिहायचं का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, लिहा.