पहिला धडा फुकट

३ नोव्हेंबर
गिटार आली. मावसभाऊ अमृतची जुनी, माळ्यावर पडून होती. संकल्प: तेजलच्या आईची अंगाई बसवायची, तिला वाजवून दाखवायची आणि त्याच दमात लग्नाचं विचारायचं. तेजल म्हणजे आमच्या चिक्कीच्या दुकानासमोरच्या मेडिकलमधली. औषधं लावता लावता ती हे गाणं गुणगुणते. एकदा चहा पिताना म्हणाली, आई गेल्यापासून मला ते कुणी ऐकवलंच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, चहा पोळला.

५ नोव्हेंबर, दुपार
ऑनलाइन व्हिडिओ कोर्स बघितले. घ्यायचा तर एकदम वर्षाचा! असा डोळे झाकून घेणारा मी नाही. आपण लोणावळ्याचे, चाखल्याशिवाय घेणारं गिऱ्हाईक आपण पाहिलेलं नाही. आठवडाभर फ्री ट्रायल मिळतो. त्यात पहिला धडा उघडा, बाकीच्यांना कुलूप. वेळेत कॅन्सल केलं नाही तर कार्डातून वर्षाचे पैसे आपोआप जातात. मोबाइलमध्ये अलार्म लावला. मला फसवणं सोपं नाही.
पहिला धडा: गिटार कशी धरावी. सर उत्तम शिकवतात.

९ नोव्हेंबर, रविवार
दुकानात मुंबईवाल्यांची झुंबड. एक कुटुंब शेंगदाणा, तीळ, काजू, सगळं चाखून, वर पाणी मागून निघून गेलं. असल्या लोकांचा मला मनस्वी संताप येतो. तेजलला सांगितलं तर खूप हसली.
संध्याकाळी दुसऱ्या सरांचा ट्रायल सुरू केला. पहिला धडा: गिटार कशी धरावी. यांचं कोपर जरा वर असतं.

१६ नोव्हेंबर
तिसरे सर नाकात बोलतात, रद्द. चौथ्या मॅडमसाठी आईच्या नावाने ईमेल काढला. ओटीपी विचारला तर आई म्हणाली, सुहास, कुठे घोटाळा तर नाही ना केलास?
तेजलला सोमाटण्याचं स्थळ आलंय. म्हणाली, घरी येऊन दादांशी बोल. दादा म्हणजे तिचे वडील. मी म्हटलं, जरा थांब, सरप्राइज आहे. ती म्हणाली, सरप्राइज नको, नुसता तू ये. हिला धीर म्हणून नाही.

२३ नोव्हेंबर
गिटार धरण्यात मावळ तालुक्यात आता माझ्या तोडीचा कोणी नसेल. सहा जणांकडून शिकलोय. ट्यूनिंगही जमतं. आमचे मालक भिकाजीभाऊ औंढ्याचे, त्यांना कलेतलं काही कळत नाही. म्हणाले, आरं, लेकरावानी नुसती मांडीवर घिऊन बसतुयास, वाजिव की कायतरी! मी म्हटलं, भाऊ, आधी गुरू पारखतोय. ते म्हणाले, तवर ती पोरगी जायाची. भाऊंना कसं कळलं कोण जाणे. म्हणे, साऱ्या बाजाराला ठावं हाय.

३० नोव्हेंबर
सोमाटण्याहून पसंती आली. तेजल पहिल्यांदाच रस्ता ओलांडून दुकानात आली. म्हणाली, साखरपुडा चौदाला ठरतोय. येत्या रविवारी तू आलास तर मी दादांपुढे तुझ्या बाजूने उभी राहीन. मी म्हटलं, रविवारी नक्की.
आठवडा भरपूर झाला. एक बरा कोर्स सापडला की झालं.

७ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. पण कारण आहे. आजच एक नवीन सर सापडले, अगदी हवे तसे. शिवाय रिकाम्या हाताने काय जायचं? तेजलचे फोन येत होते. ट्यूनिंग चालू असताना उचलला तर सगळा सूर बिघडतो.
संध्याकाळी तिचा मेसेज: चिक्की चाखून जाणाऱ्यांवर तू एवढा चिडतोस ना. बस, एवढाच.
तिला चिक्की हवी असावी. उद्या शेंगदाणा पाठवतो.

१४ डिसेंबर
साखरपुडा. भाऊंबरोबर गेलो. गिटार नेली होती, का ते सांगता येणार नाही. कुणीतरी म्हणालं, वाजवा की! खुर्ची आणून दिली. मी बसलो, गिटार धरली. अशी धरली की नऊच्या नऊ गुरू खूश झाले असते. ट्यून केली. हॉल शांत. परत ट्यून केली. मग पुन्हा. एका काकांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. तेजलने वाजवल्या नाहीत. ती मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत होती.
मुलगा चांगला आहे. स्वतः येऊन मला जेवायला घेऊन गेला. वाईट असता तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर
कालच्या गडबडीत ट्रायल कॅन्सल करायचा राहिला. वर्षाचे पैसे गेले आणि सगळी कुलपं उघडली.
दुसरा धडा: दोन कॉर्ड. सर म्हणाले, एवढ्यावर बरीच साधी गाणी बसतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिकलो. चहा यायच्या आत अंगाई बसली. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. समोर मेडिकलमध्ये नवीन मुलगी होती, तेजलने नोकरी सोडली म्हणे. दुकानामागे खोक्यांवर बसून रडलो. खूप रडलो.
भाऊ कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, आरं, ह्ये तर लय ग्वाड हाय. मंग काल का न्हाई वाजिवलंस?
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यांनी चाखायला मागितलं, मी सगळ्या प्रकारची चिक्की दिली. चाखून, काही न घेता गेले. राग आला नाही.