पाहुण्यांसमोरची उत्तरं

कॅरी, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय कांचन,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मी 'जाऊ नकोस' म्हटलं की तू हसतेस, 'ताई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!' म्हणतेस आणि तुझ्या भाऊजींना फोन द्यायला सांगतेस. भाऊजी काय, तुझ्याच बाजूचे. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा डॉक्टरीणबाई, थोरल्या बहिणीचा एवढा मान ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

मी घाबरले आहे, कांचन. विमानात बसल्यावर अथर्वशीर्ष म्हणायला लागते ती माझी नेहमीची घाबरगुंडी नव्हे ही. तू तीन नोव्हेंबरला निघणार, सहा महिने त्या देशात लहान मुलांचा दवाखाना चालवणार, आणि तिथलं युद्ध संपून अजून दीड वर्षही झालेलं नाही. देशाचं नाव मी लिहीत नाही. ऑफिसात तशी सही दिली आहे. तू म्हणशील, माझ्या जाण्याचा तुझ्या ऑफिसशी काय संबंध? तेच सांगायला बसले आहे, पण एकदम सांगायचा धीर होत नाही.

माझं काम तुला गमतीचं वाटतं. 'आमची ताई माणसांचे आकडे करते,' असं तू तिकडे श्रूजबरीला हॉस्पिटलातल्या मैत्रिणींना सांगतेस. खोटं नाही ते. गेल्या हिवाळ्यात त्या देशातून आमच्याकडे सर्व्हेचे साडेतीन हजार फॉर्म आले. अंधार पडल्यावर घराबाहेर पडायला सुरक्षित वाटतं का? बाजारातले भाव स्थिर आहेत का? बॉम्ब ठेवणारे परत येतील असं वाटतं का? लोक बोलले ते तिथल्या मुलामुलींनी इंग्रजीत लिहून आणलेलं, आणि मी आणि शैला टेबलाशी बसून त्याला आकडे देत होतो. एक म्हणजे पूर्ण सुरक्षित, पाच म्हणजे अजिबात नाही. कुठेच न बसणाऱ्या उत्तराला सत्त्याण्णव, म्हणजे 'इतर'.

एका माणसाने सांगितलं होतं, पैसे आहेत पण घरावर नवे पत्रे घालत नाही. नवा पत्रा उन्हात चमकतो आणि ज्यांना दिसायला नको त्यांना लांबून दिसतो. एक बाई टोमॅटो घेण्याआधी वाकून टोपलीखाली बघते. तिच्या जावेने बघितलं नव्हतं. मी चार, पाच, पाच लिहीत गेले. हसू नकोस, पण तेव्हापासून किराण्याच्या दुकानात कुणाची विसरलेली पिशवी दिसली की मी सामानाची ढकलगाडी दुसऱ्या रांगेत वळवते. मध्यंतरी विमानतळावर एक बेवारशी बॅग बघून मी भाऊजींना हाताला धरून बाहेर ओढलं. ती बॅग एका आजीबाईंची निघाली, त्या नुसत्या बाथरूमला गेल्या होत्या. भाऊजी अजून येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट रंगवून सांगतात.

पाहुण्यांवरून आठवलं. सांगलीला मला बघायला आले होते तो दिवस आठवतो? तू आठ वर्षांची, दाराआड उभी राहून पोह्यांवरचं खोबरं वेचून खात होतीस. स्वयंपाक येतो? येतो. गाण्याची आवड? आहे. परदेशात करमेल? करमेल. सगळं एका सुरात, नजर सतरंजीवर. पाहुणे खूश, बाबा खूश. आदल्या दिवशी तुला कुशीत घेऊन, मला इतक्या लांब जायचं नाही गं, म्हणून मी किती रडले होते ते एकट्या तुला ठाऊक होतं. पाहुणे गेल्यावर तू मला विचारलंस, ताई, खोटं का बोललीस? मी म्हटलं, वेडे, पाहुणे बसलेले असताना खरं कोण बोलतं? भाऊजी चांगले निघाले हे माझं नशीब.

आता गेल्या रविवारचं. तू फोनवर गावाचं नाव सांगितलंस आणि म्हणालीस, 'ताई, डोन्ट वरी. आमच्या ग्रुपने सर्व्हेचा रिपोर्ट बघूनच गाव सिलेक्ट केलंय. अख्ख्या देशात सगळ्यात सेफ. बासष्टपैकी बासष्ट लोकांनी पूर्ण सुरक्षित म्हटलंय!' मी काहीतरी बोलून फोन ठेवला. इकडे आमटी करपली. ते गाव आणि तो बासष्टचा आकडा, दोन्ही माझ्या ओळखीचे होते.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: बोलणं चाललं असताना तिथे आणखी कोण हजर होतं? आमच्या कॉम्प्युटरला एका ओळीत ऐंशीच आकडे चालतात आणि आमचे एका फॉर्मचे एक्क्याऐंशी झाले होते. दुसरी ओळ घेतली असती तर महिनाभराचं काम वाढलं असतं. मीटिंगमध्ये मीच सुचवलं, हा हजेरीचा रकाना गाळून टाकू, त्यावाचून कुणाचं अडतंय? साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'गुड थिंकिंग, सुनेत्रा.' मी त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता, कांचन. परवा शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये गेले आणि तुझ्या गावाचा खोका काढला. दुसऱ्या गावांच्या फॉर्मवर त्या रकान्यात सासू, मुलं, शेजारी, असं काय काय असतं. तुझ्या गावाच्या बासष्टच्या बासष्ट फॉर्मवर एकच लिहिलं आहे: 'दोन पुरुष, घरातले नव्हेत.' आणि वर सगळ्यांची उत्तरं तीच. पूर्ण सुरक्षित. भाव स्थिर. बॉम्ब ठेवणारे? कोण ते, माहीत नाही. सगळं एका सुरात. शैला शोधत आली तेव्हा मी जमिनीवर बसले होते.

त्या फॉर्मांवरचा 'एक' माझ्याच अक्षरातला आहे. तो वाचून तू निघालीस, म्हणजे मीच तुला तिथे पाठवते आहे. उद्या सकाळी मी साहेबांना सगळं सांगणार आहे. हे तुला लिहिलं हेही सांगणार, मग नोकरी गेली तर जाऊ दे. पण रिपोर्ट दुरुस्त व्हायला महिने लागतील आणि तुझं जाणं तीन आठवड्यांवर आलं आहे. हे पत्र तुझ्या ग्रुपला वाचून दाखव, माझं नाव सांग, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर सावकाश इथे येऊन रागव. त्या खोक्यात एका म्हातारीचा फॉर्म आहे. तिनेही सगळ्याला 'पूर्ण सुरक्षित'च म्हटलं आहे. शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर ती त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला म्हणाली, 'पाणी पी, बाळ, आणि ऊन आहे तोवर निघ. मुक्कामाला राहू नकोस.' त्या दोघांदेखत तिला एवढंच बोलता आलं असेल. हिवाळ्यात ते वाचून मी मनात म्हटलं होतं, किती अगत्याची बाई. मग त्यावर सत्त्याण्णव लिहून पुढचा फॉर्म घेतला होता. कांचन, जाऊ नकोस.

तुझीच,
सुनेत्राताई