पितळेची झाळ

प्रिय दादा,

"काम कुठवर आलं?" असे तुझे चार निरोप येऊन पडलेत आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. बहीण आळशी झाली असं तुला वाटलं असेल, तर वाटू दे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुझ्या दारात नेहमी कोणीतरी आलेलं असतं आणि माझं वाक्य अर्ध्यावर लोंबकळत राहतं. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण निदान वाचून तरी फाडशील.

बाबा गेल्यावर तू दोन दिवसांसाठी आलास, निघताना गॅरेजच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, बाबांची मोटरसायकल नवीकोरी करून दे, मी दिवाणखान्यात ठेवतो, खाली पाटी लावतो, 'बाबांच्या आठवणीत'. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खरं सांगते. वाटलं, तीस वर्षांची अढी सुटली. आणि पुढे तू म्हणालास, "फ्रेम फार खरवडत बसू नकोस गं, वरवर घासून एक हात मार. रंगावर रंग बसतो की." मी हसले. मेकॅनिकच्या घरात वाढलेल्या माणसाला इतकीही अक्कल नसावी, असं मनात म्हटलं. रंगावर रंग बसतो, आणि दोन उन्हाळ्यांत पापडासारखा सुटतो, हे बाबांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

म्हणून मी माझ्या पद्धतीनेच काम घेतलं. गाडी उलगडायला सहा दिवस गेले. टाकी, चाकं, इंजिन, वायरी, सगळं उतरवलं, एकेक बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात टाकला. नुसती फ्रेम राहिली तेव्हा ती तुळईला साखळीने टांगली. तिच्याकडे बघून मला उगाच आजारी माणसाला कपडे बदलताना बघितल्यासारखं झालं. मग बोल्टच्या आट्यांमध्ये रंग काढायचा रिमूव्हर जाऊ नये म्हणून जुने बोल्ट फिरवून बसवले, हँडलच्या मानेत दोन्ही बाजूंनी बुचं ठोकली, नंबराच्या पट्टीवर चिकटपट्टी लावली. हे सगळं करताना बाबांचा आवाज कानात होताच. रंगारी रंगावरून ओळखू नये, घासण्यावरून ओळखावा, असं ते म्हणायचे. गिऱ्हाइकाला चकाकी दिसते, आपल्याला खालचं माहीत असतं.

खालचं माहीत असतं.

वरचा काळा रंग बाबांनी मारलेला. तो रिमूव्हरने फुगून आला, पत्र्याच्या पातीने लांबच लांब सालं निघाली. त्याखाली तुझा मरून. आठवतो ना? तू एकवीसचा, मी सतराची. बाबा आत्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस बाहेरगावी गेले होते, गॅरेज बंद होतं. आले तेव्हा दारात गाडी उभी, अख्खी मरून, आणि तू शेजारी हाताची घडी घालून. "पन्नासाव्या वाढदिवसाची भेट," म्हणालास. रंग काही फार चांगला नव्हता, मागच्या बाजूला ओघळ होते, पण बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर न्यायचे आणि सांगायचे, पोराने केलंय, मला न विचारता. आई म्हणायची, आता गाडीला दृष्ट लागेल इतकं कौतुक नका करू. मी जळले होते त्या दिवशी. गॅरेजमध्ये रोज हात काळे मी करायचे आणि कौतुक तुझं.

तर तो मरून काढला. त्याखाली बहुतेक ठिकाणी कंपनीचा मूळ काळा निघाला, पातळ आणि कडक, जीव खाऊन घासावा लागतो असा. पण इंजिनाच्या पुढून खाली उतरणारी जी नळी आहे, तिच्यावर हँडलच्या मानेखाली वीतभर जागेत मूळ काळा नव्हताच. मरूनखाली थेट पुट्टी. जाड, बोटभर. मला वाटलं पोचा असेल. तारेचा ब्रश लावला, पुट्टीची भुकटी झाली आणि आतून पिवळं चमकलं. पितळेची झाळ, दादा. नळीला पडलेली चीर पितळ ओतून बुजवलेली, कानशीने सपाट केलेली, वर पुट्टी, वर मरून. असल्या भार घेणाऱ्या नळीला नुसती पितळेची झाळ पुरत नाही, हे मला सतराव्या वर्षी माहीत होतं. तुलाही माहीत होतं. ती नळी बदलायची असते किंवा आतून आधार देऊन वेल्ड करायची असते. पण त्याला वेळ लागतो आणि बाबांना सांगावं लागतं.

तू गाडी आपटली होतीस. त्या आठ दिवसांत, कुठे, कशी, कोणाबरोबर, मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. एकविसाव्या वर्षी गाडी आपटणं हा काही गुन्हा नाही. बाबांनी चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी तुलाच हाताशी घेऊन नळी बदलली असती. तेवढं टाळायला तू तो रंग मारलास, आणि वर भेट म्हणून दिलास. आम्ही सगळे त्या रंगाला भुललो.

पाच महिन्यांनी आई त्या गाडीवर बाबांच्या मागे बसून गेली आणि परत आली नाही.

आता थांबू नकोस, पुढे वाच. मला वाटलं होतं गोष्ट इथेच संपते. मी ब्रश खाली ठेवला, हात धुतले, घरी गेले, दोन दिवस गॅरेजकडे फिरकले नाही. शेवटी काम अर्धवट ठेवायची सवय नाही म्हणून गेले आणि उरलेली नळी साफ केली. झाळेच्या खालच्या कडेला नळी पुन्हा तुटलेली होती. सरळ, आरपार. आणि तो तुटका भाग वेल्ड करून जोडलेला होता. वर अर्ध्या नळीचा तुकडा आधाराला बसवलेला, टाके एकसारखे, एकावर एक कलती नाणी ठेवावीत तसे. ते टाके कोणाचे हे मला कोणी सांगायला नको. मी ते गिरवत मोठी झाले. ते बाबांचे होते.

समजलं तुला? अपघातानंतर गाडी घरी आणली तेव्हा नळी तुटून उघडी पडलेली असणार, आणि तुटल्या कडेला पितळ चमकत असणार. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्यासारख्या माणसाला बघितल्याबरोबर सगळं कळलं असणार, रंग का मारला, कधी मारला, सगळंच. तू इतकी वर्षं समजत आला असशील की तुझी झाकली मूठ झाकलेलीच आहे. ती पहिल्या आठवड्यातच उघडली होती. त्यांनी ती पुन्हा मिटवून तुझ्या हातात ठेवली, आणि तुला कळूही दिलं नाही.

आठव, आई गेल्यावर ते पंधरा दिवस गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचे. मलासुद्धा आत घेत नसत. मावशी अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "माझी बहीण गेली आणि याला गाडी नीट करायची पडलीय!" तेव्हापासून ती आपल्या घराची पायरी चढली नाही. ते गाडी नीट करत नव्हते, दादा. तुझं पितळ कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून झाकत होते. वर काळा रंग मारला, ताडपत्री टाकली आणि जन्मात पुन्हा त्या गाडीवर बसले नाहीत. पोलिसांना त्यांनी सांगितलं, खड्डा चुकवताना माझा तोल गेला. लोकांना सांगितलं, माझीच चूक. मेकॅनिक असून स्वतःची गाडी बघितली नाही, असं लोक तोंडावर बोलायचे. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. आणि तू? तू "आईला मारणाऱ्या माणसाबरोबर एका छपराखाली राहणार नाही" म्हणून बॅग उचललीस. बाबा दारात उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "स्वेटर घेतलास का?" हे मी ऐकलंय, याच कानांनी. तेव्हा मला वाटलं होतं, अपराधी माणसाला दुसरं बोलायला तोंड कुठे असतं.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. एकोणीस वर्षांची असताना जेवताना मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्ही नीट बघितलं असतंत तर आज आई असती." त्यांनी घास ताटात ठेवला, "हो," म्हणाले, उठले आणि ताट घासून ठेवलं. माझंही घासलं. त्या एका शब्दाचं काय करू मी आता? तुझ्यासाठी खोटं बोलायचं ठरवल्यावर त्यांनी माझ्याशीही खोटं बोलायचं ठरवलं. शेवटची अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं, आजारपणात अंग पुसलं, औषधं मोजून दिली. तेव्हाही नाही सांगितलं. तुझ्या वर्षातून दोनदा येणाऱ्या फोनची वाट बघायचे आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, आवाज बरा वाटला त्याचा. मला त्यांचाही राग येतो. एका लेकराला सांभाळायला त्यांनी दुसऱ्याला अंधारात ठेवलं. प्रेम काय फक्त चुकलेल्या पोरावरच करायचं असतं?

आणि मग तुझं ते वाक्य आठवलं. फ्रेम फार खरवडू नकोस. अक्कल नव्हती म्हणून नाही, पुरेपूर अक्कल होती म्हणून म्हणालास. ती गाडी तुला आठवणीसाठी नको होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातात नको होती.

फ्रेमला मी काल प्रायमर मारला, नाहीतर उघडं लोखंड गंजलं असतं. झाळ आणि टाके घासून सपाट केले नाहीत, पुट्टीही भरली नाही. रंगातूनही हाताला लागतील. गाडी इथेच राहील, ती मी चालवीन. तुझ्या दिवाणखान्यासाठी दुसरं काहीतरी बघ.

पण हे सगळं लिहायला बसण्याचं कारण वेगळंच आहे. प्रायमर मारायच्या आधी, सोमवारी, मी मावशीला गॅरेजमध्ये घेऊन आले. ब्याऐंशीची झालीय, दिसतं कमी. नळीवर तिचं बोट ठेवलं आणि सांगितलं हे पितळ कोणाचं, हे वेल्डिंग कोणाचं. बराच वेळ ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. एकदा तरी तोंड उघडायचं होतं त्याने." रडली नाही. स्टुलावर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "रविवारी सकाळी मी थोरल्याला फोन लावणार. त्याला एवढंच विचारणार, तुझी आई कशाने गेली? आधी कळवू नकोस. त्याच्या तोंडून काय निघतं ते मला ऐकायचंय." मी हो म्हटलं आणि आज, बुधवारी, तुला कळवतेय. तुझी दया आली म्हणून नाही. तिला या वयात आणखी एक खोटं ऐकावं लागू नये म्हणून. खोटं बोलायला तुला वेळ लागत नाही, हे मी पाहिलंय. खरं बोलायला लागेल. पत्र शुक्रवारी पोचेल. म्हणजे दोन दिवस आहेत तुझ्याकडे.

तुझीच,
धाकटी