सुलाबाईंचं मुसळ आणि गोटीरामभाऊंची भिंत

३ एप्रिल १९७९
वरची खोली भाड्याने दिली. बाई येवल्याकडच्या, सुलाबाई. नवरा एसटीत, घरी कमीच. मी मालकपणाचा ताठा मुळीच दाखवला नाही. म्हणालो, घर आपलंच समजा.

१२ एप्रिल
सुलाबाई मसाला कांडून देतात म्हणे. उखळ बसवलं, तेही शेजारच्या गोटीरामभाऊंच्या आणि आमच्या सामाईक भिंतीला लागून. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर साफ नाही म्हणालो असतो. निम्म्या गंगापूर रोडच्या बायका मिरच्या घेऊन जिन्यात. आमची ही सर्वांत पुढे.

१९ एप्रिल
गोटीरामभाऊंच्या स्वयंपाकघरातला गिलावा पडला. नेमका वरणात. भाऊ म्हणाले, भाडेकरू तुमची, खोली तुमची, भिंत तुम्हीच नीट करून द्या. मी शांतपणे म्हणालो, कायद्याने मी जबाबदार नाही. कुठला कायदा, म्हणाले. उद्या सांगतो म्हणालो.

२० एप्रिल, सकाळ
आज सुलाबाईंना ठणकावून खडसावणार. गय नाही.

सायंकाळ
वर गेलो. तोंड उघडलं आणि मिरचीचा ठसका. डोळ्यांतून धारा. बाई म्हणाल्या, नाना, रडू नका, आम्ही हाय ना. पाणी दिलं, मसाल्याची पुडी दिली. पॉइंट त्यांच्या लक्षात आला असावा.

२६ एप्रिल
पॉइंट लक्षात आला नाही. भिंतीला तडा. भाऊ कोर्टात जाणार. रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात आम्ही पान खायचो; आज त्यांनी मला बघून फाटक लावून घेतलं. फार वाईट वाटलं.
नाकाला रुमाल धरून सुलाबाईंना खोली सोडा म्हणालो. त्या म्हणाल्या, तुम्हीच म्हनले ना, घर आपलं समजा? आपलं घर कोन सोडतं?
वकील म्हणाले, भाडेकरू काढायला दहा-बारा वर्षं धरा.

२ मे
तोडगा काढला. कोर्टालाही सुचला नसता. भिंत होईपर्यंत भाऊंचं कुटुंब आमच्याकडे खाली राहील. गवंडी माझा. भाऊंनी पान दिलं.

२० मे
गवंडी म्हणतो, मुसळ थांबल्याशिवाय गिलावा धरणार नाही. सुलाबाई म्हणतात, पावसाळ्याआधी सगळ्यांचा मसाला उरकायचाय. त्यात भाऊंचाही आहे. आत जागा नाही, म्हणून मी व्हरांड्यात खाट टाकली. मोकळी हवा प्रकृतीला चांगली.

६ जून
एक गृहस्थ भाड्याने जागा बघायला आले. मालक कोण, विचारलं. मी उठेपर्यंत भाऊंनी आतून सांगितलं, वर विचारा. ते वर गेले. खाली येऊन माझ्या खाटेकडे बघत म्हणाले, बाई व्हरांडा द्यायला तयार आहेत, आजोबा, तुम्ही कधी सोडताय?
विचार करून सांगतो म्हणालो.