एका होडीत सगळे

आई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

खोकला कमी आहे, काळजी करू नकोस. आमच्या खाडी समितीत वरचे शेतकरी आणि खालचे मच्छीमार तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते; शेतातलं खत वाहून येऊन खाडीतलं, मासे ज्यात वाढतात ते गवत मेलं होतं. यंदा शेतकऱ्यांनी कसंबसं खत कमी टाकलं. परवा मी सगळ्यांना एकाच होडीत बसवलं. धुक्यात पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. एक मच्छीमार आजी पाण्यात हात घालून ओरडली, "अगंबाई, गवत परत आलंय!"

शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यानंही हात बुडवला. "आमच्यामुळं?" त्यानं हळूच विचारलं. खत कायमचं कमी टाकायच्या करारावर पहिली सही त्याचीच झाली.

बाबा अजून माझं नाव काढत नाहीत का? हे त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. न ऐकल्यासारखं करतील, तरी वाच.

तुझीच,
धाकटी