ॲस्पेनच्या सालीतली गोळी

२५ मे २०२३, गुरुवार. सकाळचे ६ वाजून १२ मिनिटं.

दुकानाच्या मागच्या खोलीत उभा होतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन. बँकेचं खातं उघडलं. दोनशे पंच्याऐंशी डॉलर गेलेले! बंद केलं, पुन्हा उघडलं. गेलेलेच.

वन्यजीव खात्याचं पत्र यायला अजून आठवडा आहे. पण पैसे कापले गेले म्हणजे सोडतीत टॅग, एका जनावराच्या शिकारीचा परवाना, लागला, हे गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. नर एल्क, सांबराहूनही थोरला, रायफलने मारायचा, आणि तोही आमच्याच डोंगराचा! टॅग चौतीस, अर्ज काही हजार. माझा तिसराच अर्ज.

पाना हातातून पडला. त्या आवाजाने लामार मामा आत आला. दुकान त्याचं, मी शाळा सोडली तेव्हापासून त्याच्याकडेच टायर बदलतो. त्याने फोन हातात घेतला, चष्मा वर केला, आकडा वाचला. त्याचे सोळा अर्ज झालेत. सोळाही वाया.

"आता नीट कर म्हणजे झालं," एवढंच म्हणाला.

नीटच करणार.

२७ मे, शनिवार

डॉनाच्या खानावळीत फळ्यावर दोन नावं लागली आहेत. गावातून दोघांनाच टॅग मिळाला. एक मी. दुसरे व्हर्ल टॅनर. माझ्या नावातलं एक अक्षर राहिलं होतं, ते मी स्वतः खडूने घातलं.

व्हर्ल चौऱ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर सरकारी रस्त्यांवर बर्फ काढायचं यंत्र चालवलं. एकवीस वर्षं अर्ज करत होते. मी आत गेलो तेव्हा त्यांनी पॅनकेक खाता खाता मान वर केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या, लॉटरी! बसा. अर्ज भरताना पेन्सिल तरी नीट धरली होतीस ना?"

सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन या पानावर लिहितोय आणि अजून कान गरम आहेत.

त्यांचं चुकत नाही. एकवीस वर्षं आणि तीन वर्षं. पण सोडत सोडत असते. मी काही कुणाचं चोरलं नाही.

१० जून, शनिवार

काडतुसं भरायला घेतली. चाळीस. दुकानातली तयार नको. बाकी सगळे शिशाच्या गोळ्या वापरतात, मी अख्ख्या तांब्याच्या घेतल्या. महाग पडतात, पण फुटत नाहीत. आत गेली की पुढून चार पाकळ्या उघडतात, बस. प्रत्येक गोळी तराजूवर ठेवली. दीडशे ग्रेन, जेमतेम दहा ग्रॅम. अर्ध्या ग्रेनचाही फरक असला तर बाजूला. दारूही तशीच, चिमट्याने एकेक कण. मामा दारातून बघत होता. म्हणाला, तू सोनाराच्या घरी जन्मायला हवं होतंस.

८ जुलै

चांदमारी. दोनशे यार्ड, बसून. पाच गोळ्या, पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली! कागद जपून ठेवला. तारीख, वारा, ऊन सगळं मागे लिहिलं.

१२ ऑगस्ट, शनिवार

सापडला!

उत्तरेकडच्या घळीच्या पलीकडे, ॲस्पेनच्या झाडांच्या दाटीत. सहा-सहा फाट्यांची शिंगं, अजून त्यांच्यावरची मखमली कातडी घासून काढतोय. डावीकडचा तिसरा फाटा आत वळलेला, कुणीतरी हाताने मुरगळल्यासारखा. दोन तास दुर्बिणीतून बघितला. तो झोपला तेव्हा मीही पाठ टेकली. तो उठला तेव्हा उठलो.

कुणाला सांगणार नाही. मामालाही नाही.

१ सप्टेंबर

छत्तिसावी गोळी मारली. आता चांदमारी बंद. उरल्या चार. एक एल्कला, तीन भीतीला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्यापासून हंगाम. नऊ दिवस, त्यातले दोन रविवार. आईला रविवारची शिकार चालत नाही, म्हणजे माझे सातच. बॅग तीनदा उघडून तपासली. टॅग प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट खिशात, खिशाला बटण.

एक गोष्ट मनात घोळते आहे, ती लिहून टाकतो. हा नर मिळाला तर माझं नाव त्या फळ्यावर खडूने नाही, कायमचं लागेल. नाही मिळाला तर जन्मभर लॉटरी.

१६ सप्टेंबर, शनिवार

पहाटे रस्त्याच्या शेवटाला व्हर्लचा ट्रक. एकटेच. थर्मासमधून गरम चॉकलेट ओतत होते, अर्धं झाकणात, अर्धं बुटावर. हात फार थरथरतो त्यांचा. मी न बघितल्यासारखं केलं.

"थेन," ते म्हणाले. पहिल्यांदा नावाने. मग लगेच, "काय लॉटरी, मामाने सोडलं का?"

मी विचारलं, गुडघा कसा आहे. म्हणाले, गुडघा घरी ठेवून आलोय. मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं — "टॅग एकदा लागला की पाच वर्षं अर्ज बंद. त्यावर पुन्हा एकवीस. मी बरोब्बर शंभरीचा होईन बघ. त्या वर्षी तू माझा ट्रक चालव."

हसलो दोघंही. पण चढण चढताना मी मनात बेरीज करत होतो. त्यांची बरोबर आहे. माझीही केली. मी तेवीसचा. पाच आणि एकवीस धरले तरी एकोणपन्नास.

दिवसभरात नऊ नर पाहिले. सगळे लहान. एक तर ऐंशी यार्डांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. नाही मारला. मजा वाटली, नाही म्हणण्याची.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्च. प्रवचनातलं एक अक्षर कानात शिरलं नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

नीट लिहायला हवं. सगळं क्रमाने.

उजाडायच्या आत घळीच्या अलीकडच्या डोंगरसोंडेवर जाऊन बसलो. पलीकडून तो ओरडला — आधी लांब शिट्टी, मग खालून घशातलं खाकरणं. अंगावर काटा आला! साडेसातला झाडीतून बाहेर. वळलेला फाटा. तोच. एकशे ऐंशी यार्ड, डावं अंग माझ्याकडे, मागे चढावर ॲस्पेनची पांढरी खोडं.

दोन आवाज झाले. जवळजवळ एकच. एक माझा. दुसरा उजवीकडून, माझ्याच सोंडेवर ऐंशी-एक यार्ड खालून. एल्क तीन पावलं चालला आणि बसल्यासारखा पडला. मागच्या एका ॲस्पेनची साल उडालेली दिसली.

वळून बघतो तर खाली नारिंगी जाकीट. व्हर्ल. मला त्यांचा पत्ता नव्हता, त्यांना माझा.

घळ ओलांडून मी आधी पोचलो. त्यांना अर्धा तास लागला. मी एल्कभोवती फिरलो. भोक एकच. डाव्या खांद्यामागे. उजवीकडे काही बाहेर पडलेलं नाही.

ते आले. गुडघा धरून, श्वास फुललेला. टोपी काढली. शिंगांना हात लावला नाही. माझ्या एका हातात टॅग, दुसऱ्या हातात चाकू. जनावर हलवायच्या आधी टॅगवरचा महिना आणि तारीख कापायची असते. खाच पडली की टॅग संपला, मग तो परत जुळत नाही.

"कुणाचा रे?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"खोटं नको बोलूस हं. म्हातारा म्हणून दया नको."

"माझी उंच गेली," मी म्हणालो. "ते बघा झाड. तिसरं, दुबेळक्याचं. साल उडालीय ती. भोक एकच आहे ना? मग तुमचीच."

त्यांनी झाडाकडे बघितलं. मग एल्ककडे. मग खाली बसले आणि खिशातून टॅग काढायला लागले, पण बटण सुटेना. ते मी सोडवून दिलं. खाच त्यांनी स्वतः पाडली. तेव्हा हात अजिबात थरथरला नाही.

सोलणं, तुकडे करणं मी केलं, त्यांना वाकता येत नाही. मांस खाली आणायला चार फेऱ्या झाल्या. त्यांना गोळी आठवण म्हणून हवी होती. आमच्यात ठेवतातच. पुष्कळ शोधली. सापडली नाही.

माझ्या टॅगला खाच नाही. पाच दिवस आहेत.

१९ सप्टेंबर

काही नाही. पाय दुखतात. झोप मात्र छान लागली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

एक पाच-पाच फाट्यांचा नर. दीडशे यार्ड. नेम धरला. बोट घोड्यावर ठेवलं आणि काढून घेतलं. त्या नरानंतर हा मारला असता तर फळ्याला दाखवायला मारल्यासारखं झालं असतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

अंधार पडेपर्यंत बसलो. पलीकडच्या डोंगरात एक ओरडत होता, माझ्या हद्दीबाहेर. ऐकत बसलो.

२४ सप्टेंबर, रविवार

हंगाम आज संपला. मी तेव्हा आईशेजारी बाकावर बसलो होतो, हातात गीतांचं पुस्तक. टॅग खिशात होता, बटण लावलेलं. आईने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात दाबला. तिला वाटलं मला वाईट वाटतंय.

३० सप्टेंबर, शनिवार

खानावळीत व्हर्लचा फोटो लागला. छान आलाय. वळलेला फाटा अगदी त्यांच्या कानाजवळ.

मला मात्र चांगलंच धारेवर धरलं सगळ्यांनी. एकशे ऐंशी यार्ड, बसून, चाळीस घरची काडतुसं, आणि झाडाला! रस्त्यापलीकडचा वेल्डर म्हणाला, तांब्याची गोळी झाडाला बरी, विजेची तार टाकायला उपयोगी पडेल. डॉनाने माझ्या अंड्यांसोबत बशीत एक ॲस्पेनचं पान ठेवलं. मामा हसला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "तू दोनशेवर पाच गोळ्या तळहाताखाली झाकतोस. मी पाहिलंय." मी म्हणालो, एल्क बघितला की हात हलतो मामा. त्याने गाडी सुरू केली.

आश्चर्य म्हणजे मला लाज वाटत नाही. कान गरम झाले नाहीत. पान घरी आणलं, या वहीत ठेवलंय.

७ ऑक्टोबर, शनिवार

व्हर्लनी नवीन गंमत काढली. सगळ्यांसमोर जाहीर केलं. बर्फ पडायच्या आत चढून जाणार, दुबेळक्याच्या ॲस्पेनमधून माझी गोळी खोदून काढणार, आणि फोटोखाली खिळ्याने ठोकणार. "लॉटरीचं बक्षीस!"

मी म्हणालो, गुडघ्याचं काय. ते म्हणाले, एल्क मिळाल्यापासून गुडघा विशीत आलाय.

मीच झाड दाखवलं होतं. नुसतं 'उंच गेली' म्हणालो असतो तर भागलं असतं. पण मला आपली सगळं नेमकं सांगायची खोड. तिसरं, दुबेळक्याचं!

सकाळपासून काही खाल्लं नाही. दोनदा एकाच चाकाचे नट आवळले.

९ ऑक्टोबर, सोमवार. दुपारचे ३ वाजून ४० मिनिटं.

व्हर्ल दुकानात आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. मामा टायर आणायला गेला होता. त्यांनी माझा हात धरून त्यात एक गोळी ठेवली. चपटी झालेली. मऊ. शिशाची.

"ही माझी," म्हणाले. "तुझी कुठाय?"

मी खण उघडला. चार पाकळ्या. त्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली. मला वाटलं रागावणार. मग त्यांनी आपली गोळी तिच्याशेजारी ठेवली, खण हळूच सरकवून बंद केला.

"फोटो काढून टाकू का?"

"नको," मी म्हणालो.

"लोक तुला झाडमाऱ्या म्हणतायत."

"म्हणू देत."

त्यांनी टोपी काढली. त्या दिवशी एल्कपुढे काढली होती तशीच. मग घालून गेले.

१८ सप्टेंबरच्या नोंदीत दुरुस्ती. साल आधी उडाली. माझं बोट तेव्हा घोड्यावर होतं, घोडा अजून ओढला नव्हता. माझी गोळी उजव्या बाजूच्या कातडीखाली सापडली, त्यांची पाठ वळली असताना. वजन एकशे अठ्ठेचाळीस ग्रेन. वहीत चुकीची नोंद ठेवता येत नाही.

काडतुसं भरली ४०. चांदमारी ३६. एल्क १. शिल्लक ३.
टॅग २८५ डॉलर. खाच नाही.
देणं नाही. येणं नाही.